वाचकांचे प्रश्न : तबकडी आणि ॲम्प्लिफायर यांच्या मधली डबी

प्रश्न : माझ्या वडिलांनी जमवलेल्या सुमारे दोनशे एलपी तबकड्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पडून होत्या. घर विकले तेव्हा त्या मी स्नेहनगरच्या फ्लॅटमध्ये आणल्या. त्यांत ख्याल आणि नाट्यसंगीत अधिक, भावगीते थोडी. गेल्या दिवाळीत मुलीने पट्ट्यावर चालणारा नवा टर्नटेबल घेऊन दिला. त्यावर ऑडिओ-टेक्निकाचे एटी-व्हीएम९५ई हे कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, आहे. माझा ॲम्प्लिफायर दहा वर्षांपूर्वीचा असून त्याच्या मागे सीडी, ट्यूनर आणि ऑक्स अशी तोंडे आहेत, फोनोचे नाही. ऑक्सला जोडले तर डास गुणगुणावा तसा आवाज येतो आणि बटण शेवटपर्यंत फिरवले तरी डग्गा ऐकू येत नाही. एका दुकानदाराने पंचवीस हजारांचा फोनो प्रीॲम्प, म्हणजे तबकडीचा क्षीण आवाज ॲम्प्लिफायरजोगा करणारी डबी, दाखवला. दुसऱ्याने दीड हजाराची डबी हातात ठेवून ‘सगळे सारखेच असतात’ असे सांगितले. माझी तयारी दहा हजारांपर्यंतची आहे. काय पाहून घ्यावे? आणि स्पीकरमधून अखंड घुमणारा आवाज येतो, तो नव्या डबीने जाईल का? — एक निवृत्त बँक कर्मचारी, इंदूर

उत्तर : पैसे काढण्यापूर्वी टर्नटेबल जरा पुढे ओढून त्याच्या पाठीवर टॉर्च मारून पाहावा. हल्लीच्या पुष्कळ टर्नटेबलांमध्ये फोनो प्रीॲम्प आतच बसवलेला असतो आणि तारा लावण्याच्या तोंडांजवळ ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असे लिहिलेले नखाएवढे सरकते बटण असते. कारखान्यातून यंत्र येते तेव्हा ते कोणत्याही बाजूला असू शकते, आणि बसवून देणारा माणूस घाईत असला की ते पाहायचे राहून जाते. आपले पत्र वाचताना माझ्या मनात पहिली शंका हीच आली. बटण सापडले तर ॲम्प्लिफायर बंद करून ते ‘लाइन’कडे सरकवावे, तारा ऑक्सलाच ठेवाव्यात आणि एक तबकडी लावून पाहावी. डग्गा बोलू लागला, तर या उत्तराचा पुढचा भाग आपल्याला निदान वर्षभर तरी लागणार नाही. आतला प्रीॲम्प साधाच असतो, पण तो काही महिने ऐकल्याशिवाय नवा घेण्यात अर्थ नाही.

बटण नसेल, तर मात्र डबी हवीच. ती केवळ आवाज मोठा करण्यासाठी असते, हा समज दुकानांतूनही आढळतो आणि दीड हजाराच्या डबीबद्दलचे ‘सगळे सारखेच’ हे वाक्य त्यातूनच येते. तबकडी कोरताना खर्जाकडची कंपने मुद्दाम दाबलेली आणि अतिउंच कंपने मुद्दाम चढवलेली असतात. खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद नागमोडी जाईल की एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचा ख्याल मावणारच नाही; आणि उंच स्वर चढवून कोरले की वाजवताना ते खाली आणावे लागतात, त्यांच्याबरोबर तबकडीच्या पृष्ठभागाची खरखरही खाली येते. किती दाबायचे आणि किती चढवायचे याबाबत पूर्वी प्रत्येक कंपनीचा आपापला हिशोब होता. १९५४ साली अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या संघटनेने एक वक्र, म्हणजे या दाबण्या-चढवण्याचा आलेख, ठरवला, तो तिच्या नावावरून आरआयएए वक्र म्हणून ओळखला जातो आणि नंतरच्या एलपी तबकड्या सर्वसाधारणपणे त्याच हिशोबाने निघाल्या. फोनो प्रीॲम्पचे खरे काम हा वक्र उलटा फिरवण्याचे आहे. मधल्या, म्हणजे १००० हर्ट्झच्या स्वराला जो प्रीॲम्प शंभर पट वाढवतो तोच २० हर्ट्झला नऊशे पटींहून अधिक वाढवतो आणि २०,००० हर्ट्झला जेमतेम दहा पट. गायकाची पट्टी काळी एक धरली तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची कंपने सत्तर हर्ट्झच्या आसपास येतात. तिथे मधल्या स्वरांच्या मानाने सुमारे सहा पट उचल द्यावी लागते. ऑक्सच्या तोंडाला ही उचल ठाऊक नसते, म्हणून आपल्याला तंबोऱ्याची फक्त जवारी ऐकू येते, खर्ज येत नाही, आणि तबलजी एका हाताने वाजवत असल्यासारखा वाटतो.

आता ‘किती पट’ हा प्रश्न. आपले कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट जातीचे आहे, म्हणजे सुईच्या दांडीमागे इवलासा चुंबक हलतो आणि स्थिर कॉइलमध्ये वीज निर्माण होते. ती साधारण चार मिलिव्होल्ट भरते. शंभर पट, म्हणजे ४० डेसिबल वाढवली की चारशे मिलिव्होल्ट होतात आणि ऑक्सच्या तोंडाला तेवढे पुरतात. तेव्हा डबीवर किंवा तिच्या पुस्तिकेत मूव्हिंग मॅग्नेटसाठी ४० डेसिबलच्या आगेमागे आकडा दिसला की पुरे. ३५ असेल तर आवाजाचे बटण थोडे पुढे फिरवावे लागेल, इतकेच. प्रवेशाचा रोध ४७ किलोओहम असतो. तो जवळजवळ सगळ्यांनी पाळलेला संकेत असल्याने त्याची फार चौकशी करण्याचे कारण नाही.

चौकशी करायची ती धारकतेची, म्हणजे तारेत आणि डबीत वीज साठून राहण्याच्या गुणाची; ती पिकोफॅरडमध्ये मोजतात. विकणारा हा आकडा कधीच आपणहून सांगत नाही आणि आपल्या कार्ट्रिजच्या बाबतीत फरक मात्र तिथेच पडतो. एटी-व्हीएम९५ई साठी निर्मात्याने सुचवलेली एकूण धारकता १०० ते २०० पिकोफॅरड इतकी आहे. ‘एकूण’ या शब्दात तीन गोष्टी येतात : टोनआर्ममधल्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यातल्या, केसासारख्या तारा, टर्नटेबलपासून डबीपर्यंतची जाड तार आणि डबीच्या आतला कपॅसिटर. सर्वसाधारण तारेची धारकता मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास असते, आणि पुष्कळ डब्यांमध्ये आत दोनशेच्या वर बसवलेले असतात. बेरीज साडेतीनशेवर केव्हा जाते ते कळतही नाही. कार्ट्रिजची कॉइल आणि ही धारकता मिळून एक झोका तयार होतो : कॉइल अर्ध्या हेन्रीची (हेन्री हे कॉइलचे माप) धरली तर दोनशे पिकोफॅरडला तो सोळा हजार हर्ट्झजवळ येतो, पाचशेला दहा हजारांवर. मग तेवढ्या पट्ट्यात आवाज टोचतो आणि त्याच्या वर एकदम मिटतो. झांज पत्र्यासारखी लागते, ‘स’ फुसफुसतो, आणि आपण दोष द्यायचा कोणाला तर तबकडीला. ऑर्टोफॉनच्या २एम रेडला १५० ते ३०० चालतात. म्हणजे एकच डबी शेजाऱ्याकडे गोड वाजेल आणि आपल्याकडे कर्कश. शेजाऱ्याच्या शिफारशीवर डबी घेऊ नये असे मी म्हणतो ते एवढ्याचसाठी.

म्हणून दहा हजारांच्या आत निवड करताना मी प्रथम आतली धारकता शंभरच्या आसपास असलेली किंवा बटणाने कमीजास्त करता येणारी डबी शोधेन. आर्ट कंपनीच्या डीजे प्री टू या लहान डबीत १०० आणि २०० असे दोन पर्याय, आवाजाची पातळी जुळवण्याचे बटण आणि अतिखर्ज कापणारी चाळणी या तिन्ही गोष्टी आहेत. दिसायला ती कारखान्यातल्या अवजारासारखी आहे, दिवाणखान्यात मिरवण्यासारखी नाही. बेहरिंगरचा पीपी४०० त्याहून साधा, त्यात जुळवण्यासारखे काहीच नाही, पण डास घालवायला तो पुरेसा आहे. रेगाच्या फोनो मिनीसारख्या डब्यांत संगणकाला जोडण्याची सोय असते. आपल्याला तबकड्या संगणकावर उतरवून घ्यायच्या असतील तरच त्या सोयीचे पैसे द्यावेत. किमती आयातीप्रमाणे खालीवर होतात, तेव्हा घेण्याच्या आठवड्यात दोन-तीन ठिकाणी विचारणे बरे. पंचवीस हजारांच्या यंत्रात काही नसते असे मी म्हणणार नाही. पण त्यातली बरीच किंमत मूव्हिंग कॉइल, म्हणजे चुंबकाऐवजी कॉइल हलणाऱ्या, कार्ट्रिजच्या सोयींची असते, आणि ते कार्ट्रिज आपल्याकडे नाही. लालसर प्रकाश देणाऱ्या काचेच्या नळ्या बसवलेल्या स्वस्त डब्यांपासून मात्र दूर राहावे. त्यांतल्या कित्येकांत नळी शोभेपुरती असते आणि काम शेजारची चिपच करते.

अतिखर्जाची चाळणी आपल्याला विशेष उपयोगी पडेल, कारण तबकड्या माळ्यावर होत्या. माळव्याच्या वैशाख-ज्येष्ठातले पत्र्याखालचे माळे कसे तापतात हे इंदूरकरांना सांगायला नको, आणि आडव्या रचून ठेवलेल्या तबकड्या तिथे हटकून वाकतात. वाकलेली तबकडी फिरताना दर फेऱ्याला, म्हणजे मिनिटाला सुमारे तेहतीस वेळा, सुईला वरखाली झुलवते. त्या हालचाली कानाला ऐकू येत नाहीत, पण प्रीॲम्प खर्जाला सर्वाधिक उचल देतो, तेव्हा त्यांनाही तो उचलून धरतो. स्पीकरची जाळी काढून पाहिलीत तर मोठ्या शंकूचा कागद श्वास घेतल्यासारखा सावकाश आतबाहेर होताना दिसेल. असे दिसले तर चाळणी असलेलीच डबी घ्यावी. वीस हर्ट्झच्या खाली कापल्याने डग्ग्याचा घुमारा कमी होत नाही.

आणखी एक आकडा विचारून ठेवावा : डबीचे तोंड किती मिलिव्होल्टपर्यंत सहन करते. कार्ट्रिजचे चार मिलिव्होल्ट हे एका ठरावीक वेगाच्या स्वराचे माप आहे. बेदम तान आली की ते काही पटींनी वाढते, आणि ओरखड्यावर सुई आपटली की त्याहूनही. १००० हर्ट्झला पन्नासच्या वर सहन करणारी डबी असेल तर ओरखड्याचा टिचका टिचकाच राहतो. कमी सहन करणाऱ्या डबीत तो ‘टक्’ असा पसरतो, आणि शंभर टिचक्यांच्या तबकडीवर हा फरक फार जाणवतो.

आता घुमणाऱ्या आवाजाविषयी. नव्या डबीने तो जाईलच असे नाही, कारण बहुतेक वेळा तो डबीचा नसतोच. टर्नटेबलच्या दोन जाड तारांबरोबर एक बारीक, टोकाला चिमट्यासारखा पत्रा असलेली तार येते. ती अर्थची तार, आणि ती डबीवरच्या स्क्रूखाली घट्ट बसवायची असते. आपण सध्या थेट ऑक्सला जोडले असल्याने ती बहुधा लोंबकळत असेल. ओळखण्याची साधी खूण म्हणजे टोनआर्मच्या धातूला बोट लावावे. घुमणे एकदम बदलले तर ही तार जोडलेली नाही किंवा सैल आहे. ती लावूनही आवाज राहिला तर ॲम्प्लिफायरला जोडलेले बाकीचे सगळे, विशेषतः टीव्ही आणि केबलची तार, एकेक करून काढून पाहावे. ॲम्प्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मात्र ऐकू नये. घुमणे गेले तरी धक्का बसण्याची सोय होते.

या बाबतीत मी स्वतः एकदा पुरता फसलो आहे. काही वर्षांपूर्वी घेतलेली डबी घुमते म्हणून ती मी दोनदा दुकानात परत नेली. दुकानात ती गप्प, घरी आणली की पुन्हा तेच. शेवटी एका रविवारी फडताळासमोर पालथा पडून, एका हाताने डबी धरून ती इंचाइंचाने सरकवू लागलो, तर आवाज जुन्या ट्रान्झिस्टरवर स्टेशन शोधावे तसा बदलू लागला. डबीच्या अगदी मागे इंटरनेटच्या यंत्राचा ॲडॅप्टर लावलेला होता. डबी वीतभर बाजूला घेतली आणि घर शांत झाले. दुकानदाराकडे मी पुढे बरेच दिवस फिरकलो नाही. तेव्हा डबी टर्नटेबलजवळ, ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून आणि सगळ्या ॲडॅप्टरांपासून हातभर दूर ठेवावी. तिच्यापासून पुढे ॲम्प्लिफायरपर्यंतची तार लांब असली तरी चालते, टर्नटेबलकडून डबीत येणारी तार मात्र आखूड हवी.

डबीचा स्वतःचा ॲडॅप्टरही नीट पाहावा. परदेशातून नातेवाइकांकरवी मागवलेल्या डबीबरोबर ११०-१२० व्होल्टचा ॲडॅप्टर येतो आणि प्लगला साधी कन्व्हर्टर पिन लावून लोक तो आपल्या २३० व्होल्टमध्ये खोचतात. माझ्या एका स्नेह्यांच्या घरी एवढ्यावर वास आणि धूर दोन्ही निघाले. काही डब्यांना बारा व्होल्टची एकदिश वीज लागते, काहींना सोळा व्होल्टची उलटसुलट. पिन तीच बसते, पण वीज वेगळी असते. ॲडॅप्टर बदलायची वेळ आली तर जुना बरोबर घेऊन महाराणी रोडला जावे आणि छापलेली अक्षरे जुळवूनच नवा घ्यावा.

आणि दहा हजार सगळे डबीवर घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या कार्ट्रिजच्या लंबवर्तुळाकार सुईचे आयुष्य निर्मात्याने सुमारे ३०० तास सांगितले आहे. रोज तासभर ऐकलेत तर दहा महिन्यांत ती बदलण्याजोगी होते, आणि झिजलेली सुई वडिलांच्या तबकड्यांच्या खाचा कायमच्या खरवडते. नव्या सुईसाठी पैसे आजच बाजूला ठेवावेत. उरलेल्यांतून मऊ कार्बन धाग्यांचा ब्रश घ्यावा. अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित झुमऱ्यात दोन स्वरांमध्ये जी जागा असते तिथे डबीची सूक्ष्म सूंसूं आणि माळ्यावरची धूळ दोन्ही ऐकू येतात, आणि त्यांत धुळीचाच आवाज मोठा असतो.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या काळची, झाकण उघडून वाजवायची एचएमव्हीची पेटी आहे. तिचा स्वतःचा स्पीकर फाटला आहे, पण तबकडी फिरते. पेटीची तार काढून फोनो प्रीॲम्पमार्फत नव्या स्पीकरला जोडता येईल का? — एक गृहिणी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : प्रीॲम्पमार्फत जोडू नये. अशा पेट्यांमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते. सुईशेजारी एक छोटी कळ असेल आणि ती फिरवली की एका बाजूची सुई खाली व दुसऱ्या बाजूची वर होत असेल, तर ते तेच, हे ओळखावे. एक सुई एलपीसाठी, दुसरी ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी. सिरॅमिक कार्ट्रिजमधून मिलिव्होल्टच्या एकेरी आकड्याऐवजी शेकड्याने वीज येते आणि खर्ज-उंच यांचा तोल ते बऱ्याच अंशी स्वतःच सांभाळते. फोनो प्रीॲम्पला लावले तर आवाज फुटेल आणि नुसता घुमेल. थेट ऑक्सला लावले तर उलट खर्ज जाईल, कारण या कार्ट्रिजला पुढे दहा लाख ओहमच्या आसपास रोध लागतो आणि ऑक्सच्या तोंडाचा रोध दहा ते पन्नास हजार ओहमच असतो. एक जुना रेडिओ दुरुस्त करणारा गाठून मध्ये उंच रोधाचा एकच ट्रान्झिस्टरचा साधा टप्पा बसवून घ्यावा. काम तासाभराचे आहे. वास्तविक सर्वांत बरे म्हणजे पेटीचा स्पीकरच बदलून घ्यावा आणि पेटी पेटीसारखी वाजू द्यावी. मात्र तिच्यावर चांगल्या एलपी लावू नयेत. आजच्या कार्ट्रिजची सुई दीड-दोन ग्रॅम भाराने टेकते, या पेट्यांमधली पाच ग्रॅम किंवा त्याहून अधिक.

प्रश्न : माझ्याकडे घराण्यातून आलेल्या ७८ फेऱ्यांच्या साठ-सत्तर तबकड्या आहेत. नव्या टर्नटेबलवर ७८ चे बटण आहे आणि चांगला प्रीॲम्पही घेतला, तरी आवाज दबलेला, पांघरुणातून आल्यासारखा येतो. प्रीॲम्प बदलावा का? तबकड्या स्पिरिटने पुसल्या तर चालतील का? — एक संगीतशिक्षक, इंदूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : स्पिरिटची बाटली आजच दुसऱ्या खोलीत ठेवावी. या तबकड्या लाखेच्या आहेत आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एका पुसण्यात खाचच निघून जाते. साध्या कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब, मऊ फडके, मधला कागद कोरडा ठेवायचा आणि लगेच टिपून घ्यायचे, इतकेच करावे.

आता आवाज. सर्वप्रथम, सुई कोणती लावली आहे? एलपीच्या सुईचे टोक इतके बारीक असते की ७८ च्या रुंद खाचेत ते भिंतींना न टेकता तळाशी घसरते आणि तिथला कचरा ऐकवत बसते. ७८ साठी तिच्याहून सुमारे चौपट जाड टोकाची सुई मिळते; ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एसपी नावाची सुई त्याच कार्ट्रिजवर हाताने काढून-घालता येते. त्यानंतर वक्र. आपल्या तबकड्या आरआयएए ठरण्याच्या आधीच्या असतील, म्हणजे त्यांत उंच स्वर इतके चढवून कोरलेलेच नाहीत. तरीही आपला प्रीॲम्प ते चढवलेले आहेत असे समजून खाली ओढतो. पांघरूण येते ते इथून. १९२५ च्या आधीच्या, भोंग्यासमोर गाऊन केलेल्या मुद्रणात तर विजेचा असा कोणताच हिशोब नव्हता. प्रीॲम्प बदलू नये. ॲम्प्लिफायरचे ‘ट्रेबल’ बटण निःसंकोच उजवीकडे फिरवावे. सोवळ्या श्रोत्यांना हे पटत नाही, पण साठ-सत्तर तबकड्यांसाठी वेगवेगळे वक्र देणारा महाग प्रीॲम्प घेण्यापेक्षा हे शहाणपणाचे आहे. ॲम्प्लिफायरला ‘मोनो’चे बटण असेल तर तेही दाबावे. या तबकड्यांत स्वर फक्त आडव्या हालचालीत कोरलेला आहे, उभ्या हालचालीत नुसती खरखर; डावे-उजवे एकत्र केले की ती बरीचशी एकमेकींना खाऊन टाकते.

प्रश्न : एका ओळखीच्या गृहस्थांनी डेनॉन डीएल-१०३ कार्ट्रिज स्वस्तात दिले आहे. माझ्या साध्या प्रीॲम्पवर ते चालेल का? — एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : जोडले जाईल, पण ऐकू फार कमी येईल. हे मूव्हिंग कॉइल जातीचे आहे आणि त्यातून जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट मिळतात. आपल्या डबीच्या शंभर पटींनी त्याचे तीस मिलिव्होल्ट होतील. हवेत त्याच्या दहा पट. एक तर ६० डेसिबलची सोय असलेला प्रीॲम्प घ्यावा लागेल किंवा मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागेल, आणि दोन्ही ठिकाणी घुमणे आवरण्याचे काम वर सांगितले त्याच्या कितीतरी पट अवघड होते. शिवाय या कार्ट्रिजला अडीच ग्रॅमचा भार आणि जड टोनआर्म लागतो. आपला टोनआर्म हलका असेल तर ते कार्ट्रिज त्याच्या खोक्यातच ठेवावे, आणि विकत घेताना सुई भिंगाखाली पाहिली नसेल तर ती आता पाहावी. या कार्ट्रिजची सुई घरच्या घरी काढून बदलता येत नाही.